जुन्या ॲल्युमिनियम होडीचा कुजलेला लाकडी तळ

प्रश्न : मिशिगनमधील तळ्यावर मासेमारीसाठी वापरल्या जाणाऱ्या 14 फुटी जुन्या ॲल्युमिनियम होडीतील प्लायवूडचा तळ कुजला आहे, तो कमी खर्चात कसा बदलावा?

उत्तर : काटकसरीच्या भरात होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे अंगणातील ओट्यांसाठी विकले जाणारे, बुरशीरोधक रसायन मुरवलेले प्लायवूड वापरणे होय; कारण त्या रसायनांत बहुधा तांबे असते आणि ओलाव्यात तांब्याचा ॲल्युमिनियमशी संबंध आला की विद्युत-रासायनिक क्षरण, म्हणजे दोहोंपैकी अधिक क्रियाशील धातू झिजत जाण्याची क्रिया, सुरू होऊन पत्र्याला छिद्रे पडतात. त्याऐवजी जलरोधक सरसाने जोडलेले, सुमारे 12 मिलिमीटर जाडीचे बाह्य वापराचे साधे प्लायवूड गोड्या पाण्यात पुरेसे ठरते, मात्र पाणी मुख्यतः कडांतून व स्क्रूच्या भोकांतून शिरत असल्याने ती इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने, काळजीपूर्वक बंद करावी लागतात. जुन्या फळ्या, कितीही कुजक्या असल्या तरी, नव्यांच्या मापासाठी जपून काढाव्यात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. वर गालिचा अंथरण्याची हौस टाळलेली बरी, कारण तो ओल धरतो.

तळाखालील फोम होडीत पाणी भरल्यावरही तिला तरंगत ठेवतो, म्हणून तो वगळून पैसे वाचवू नयेत. भिजून जड झालेला असल्यास त्याजागी पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम बसवावा. नवा तळ बसवण्यापूर्वी, नीट आधार दिलेल्या होडीत थोडे पाणी ओतून कोणते रिव्हेट गळतात ते खालून पाहावे.