अरवलीत कुत्र्याला नेऊ का?

प्रश्न : आम्ही गुरुग्रामला राहतो. दोन वर्षांच्या लॅब्राडोरला घेऊन अरवलीच्या टेकड्यांत आणि यमुनेकाठी भटकायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : जरूर भटका, पण थंडीत, आणि हवा फार विषारी नसेल त्या दिवशी. असोला-भाटी अभयारण्य आहे, तिथे कुत्रा नको. मांगरच्या रानातही बिबट्याचा वावर आहे. बिबट्याला कुत्रा किती प्रिय, हे जुन्नरकरांना विचारा! पट्टा सोडू नका, उजाडल्यावर निघून अंधाराआधी परता.

खरा छळ विलायती किकरचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा. काटा पंजात मोडतो, कुत्रा दोन दिवसांनी लंगडतो आणि आपण मुरगळलं समजून तेल चोळत बसतो. घरी आल्याबरोबर बोटांच्या बेचक्या बघा. कानामागे, काखेत गोचीडही शोधा. गोचीडताप दोन-तीन आठवड्यांनीही डोकं वर काढतो. जेवण टाकलं, हिरड्या फिकट पडल्या, तर त्याच दिवशी रक्त तपासा.

दिल्लीतल्या यमुनेत मात्र त्याला उतरू देऊ नका, लॅब्राडोर कितीही हट्ट करो. प्यायचं पाणी घरूनच न्या. रेबीज आणि लेप्टोच्या लशींची तारीख निघण्याआधी तपासा.