पीकसंरक्षणाची बंदूक : घ्यावयाची दक्षता

कोकणात भाताचा दाणा भरू लागला की रानडुकरांचा उपद्रव वाढतो. एक कळप एका रात्रीत खाचर तुडवून टाकतो. त्यामुळे माळ्यावर राखण बसते व परवान्याची बंदूक शेतावर येते. बुडालेले पीक पुढील हंगामात पुन्हा घेता येते. चुकीच्या बाराने गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून पुढील नियम ग्रामसेवकांनी परवानाधारकांस समजावून द्यावेत.

कायदा : 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये रानडुक्कर मारण्यास अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक असते.

हाताळणी : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. नळीचे तोंड माणसाकडे वा जनावराकडे कधीही करू नये. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. भरलेली बंदूक घेऊन बांध, कुंपण वा माळ्याची शिडी चढू नये. ठासणीची बंदूक रिकामी करणे सोपे नसते. ती माळ्यावर बसल्यावरच भरावी.

भरणे : दारू डब्यातून थेट नळीत ओतू नये. आधीच्या बाराची ठिणगी आत धुमसत असल्यास सारा डबा पेटतो. दारू मापानेच घालावी. रिकाम्या व भरलेल्या नळीची खूण गजावर करून ठेवावी, म्हणजे दुबार भरणी टळते. ठासताना तोंड नळीवर आणू नये. टोपी सर्वांत शेवटी बसवावी.

काडतुसाच्या बंदुकीत प्रथम नळी मोकळी असल्याचे पाहावे. चिखलाने तोंड बुजले असता नळी फुटते. 20 बोअरचे काडतूस 12 बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. त्यामागे दुसरे भरून बार काढल्यास बंदूक हातातच फुटते.

बार न उडाल्यास : नळी सुरक्षित दिशेस धरून काडतुसाच्या बंदुकीस निदान अर्धा मिनिट व ठासणीच्या बंदुकीस दोन मिनिटे थांबावे. बार उशिरानेही उडतो.

नेम : हलणारे भात किंवा खसखस हे लक्ष्य नव्हे. काळोखात हलणारी आकृती शेजारच्या राखणदाराचीही असू शकते. जनावर पूर्ण दिसून ओळखल्याखेरीज बार काढू नये. बारीक छर्रेही दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात, मोठे त्याहून दूर. म्हणून पलीकडे वाडी वा पायवाट नाही याची खात्री करावी. शेजाऱ्यांनी आपापल्या माळ्यांच्या जागा दिवसाच ठरवाव्यात व रात्री जागा सोडताना हाक देऊन विजेरी दाखवावी. मद्य घेतलेल्याने बंदुकीस हात लावू नये.

घरी : बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. दारू व काडतुसे वेगळ्या कुलपात, चुलीपासून दूर व मुलांच्या हाती न लागतील अशी ठेवावीत.

ग्रामसेवकांनी भात पोटरीवर येण्यापूर्वीच राखणदारांची बैठक घ्यावी. संशय वाटल्यास बार न काढणे, हाच सर्व नियमांचा सारांश होय.