बिनतारी मेमरी कार्ड : छायाचित्रांची ने-आण आणि व्यापाऱ्याची सावधगिरी

आपल्या बालाघाटच्या गल्लाबाजारात छायाचित्राला आता पावतीच्या खालोखाल स्थान मिळू लागले आहे. धान्याची वानगी, ओलावामापकावरील आकडा, धर्मकाट्याची चिठ्ठी, ताडपत्री ओढलेला ट्रक, या सर्वांची छायाचित्रे माल रवाना होण्यापूर्वीच आपल्या हाती यावीत, अशी परगावच्या खरेदीदाराची अपेक्षा असते. समजा, सौदा १७ टक्के ओलाव्याचा झाला आहे (शासकीय खरेदीतही धानाची मर्यादा हीच आहे) आणि माल पोहोचल्यावर समोरचा पक्ष १९ टक्के सांगतो. अशा वेळी भरतीच्या दिवशीचे तारीख-वेळेसह छायाचित्र वादाचा निकाल लावीत नसले, तरी बोलणी कोठून सुरू करावयाची हे ठरविते.

हे काम बहुतेक सभासद मोबाईलने करतात व ते योग्यच आहे. तथापि अनेक घरांत चांगला कॅमेराही असतो. घरची तरुण मंडळी तो घेऊन मुक्कीच्या फाटकातून कान्हाच्या जंगलात जातात, आणि लग्नकार्यांतही तोच उपयोगी पडतो. या कॅमेऱ्यातील चित्रे तार न जोडता व कार्ड न काढता मोबाईलमध्ये किंवा संगणकात कशी न्यावीत, असा प्रश्न आम्हास अनेकदा विचारला जातो. त्याचेच विवेचन येथे योजिले आहे.

कॅमेऱ्यात जे नखाएवढे पातळ कार्ड असते, त्यास एसडी कार्ड म्हणतात. सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासोनिक) व तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून ते १९९९ मध्ये पुढे आणले. बिनतारी कार्ड दिसावयास तसेच व तेवढेच; परंतु त्याच्या पोटात स्मृतीच्या जोडीला एक चिमुकले वाय-फाय यंत्र व ते चालविणारा लहानसा संगणक बसविलेला असतो. कॅमेरा सुरू झाला की त्याच्याच बॅटरीवर कार्ड जागे होते आणि स्वतःचे एक छोटे जाळे पसरते. मोबाईलच्या वाय-फायच्या यादीत त्या जाळ्याचे नाव दिसते. ते निवडून संकेतशब्द दिला की कार्डातील चित्रे मोबाईलच्या पडद्यावर उघडतात, आणि हवी ती उतरवून घेता येतात.

येथे पुष्कळांची फसगत होते ती अशी. कार्डाचे जाळे म्हणजे इंटरनेट नव्हे. तो फक्त कार्ड व मोबाईल यांच्यामधील खासगी रस्ता होय. मोबाईलला हे कळत नाही. या जोडणीवर इंटरनेट नाही अशी तक्रार करून तो आपण होऊन दुसऱ्या जोडणीकडे वळतो, आणि चित्रे अर्ध्यावर थांबतात. म्हणून अशी सूचना पडद्यावर आली की ‘याच जोडणीवर राहा’ असे उत्तर द्यावे, अथवा तेवढा वेळ मोबाईल डेटा बंद ठेवावा. तसेच कॅमेरा काही क्षण स्वस्थ राहिला की वीज वाचविण्यासाठी झोपी जातो, व त्याबरोबर कार्डही झोपते. यासाठी आपोआप बंद होण्याची मुदत वाढवून ठेवावी व बॅटरी भरलेली असावी.

वेगासंबंधी जाहिरातीत जे आकडे असतात ते ‘मेगाबिट’मध्ये, आणि चित्राचे आकारमान असते ‘मेगाबाइट’मध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो. मणाचा भाव ऐकून क्विंटलचा हिशेब मांडणाऱ्याची जी गत होईल, तीच हा भेद न जाणणाऱ्याची होते. उदाहरणादाखल ५ मेगाबाइटचे एक, अशी २०० चित्रे धरू. एकूण भार १००० मेगाबाइट. बिनतारी वाटेने सेकंदास १ मेगाबाइट मिळाला तर या कामास जवळजवळ १७ मिनिटे लागतील. तेच कार्ड काढून वाचकयंत्रात घातले व सेकंदास २० मेगाबाइट मिळाले, तर ५० सेकंदांत काम होईल. सबब दहा-वीस निवडक चित्रांसाठी बिनतारी वाट उत्तम आणि सबंध लग्नासाठी तारेची, असे आमचे मत आहे.

या कार्डांच्या लहरी बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदास सुमारे २४० कोटी आवर्तनांच्या पट्ट्यात चालतात. आपल्या देशात हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. पाणी या लहरी शोषून घेते व धातू त्यांना परतवितो. त्यामुळे पत्र्याच्या गोदामात, भरल्या पोत्यांच्या थप्पीआड उभे राहून चित्र पाठवू म्हणाल तर ते जमणे कठीण. कार्डाचा पल्ला एका खोलीचा किंवा अंगणाचा समजावा.

त्यापलीकडे चित्र बिनतारी पाठवावयाचे तर मोबाईलचे मनोरे लागतात, आणि याचा फार चांगला दाखला आपल्याच भागात घडला आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभर १४१ क्षेत्रांतील २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे बांधले गेले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. असे कॅमेरे झाडाला बांधून ठेवतात, आणि वनरक्षक पायी जाऊन त्यांतील कार्डे हाताने काढून आणतात. कॅमेऱ्यासमोरून वाघ आज गेला असला, तरी ती वार्ता कार्ड निघेल तेव्हाच कळावयाची. गणनेस हा विलंब चालतो. परंतु गावाच्या शिवेवर जनावर आले असता तो चालत नाही. म्हणून २०२२ मध्ये कान्हा–पेंच पट्ट्यात ‘ट्रेलगार्ड एआय’ नावाचे कॅमेरे लावून पाहण्यात आले. हा कॅमेरा वाघाचे चित्र स्वतःच ओळखतो आणि तेवढेच निवडून मोबाईलच्या जाळ्यावरून अर्ध्या मिनिटाच्या सुमारास वनाधिकाऱ्यांच्या हाती पोहोचवितो. गवत हालल्याची शेकडो चित्रे पाठविण्यात तो बॅटरी दवडीत नाही. वानगीची चाळीस चित्रे एकदम धाडणाऱ्या आमच्या काही बंधूंनी या यंत्राचा हा गुण अवश्य घ्यावा!

आता या कार्डांच्या जोखमीकडे वळू. काही कार्डे कारखान्यातून ठरावीक संकेतशब्द घेऊन येतात. तोशिबाच्या ‘फ्लॅशएअर’चा तर १२३४५६७८ असा होता. तो न बदलता भर बाजारात कॅमेरा सुरू करणे म्हणजे तिजोरीला किल्ली लावून ठेवण्यासारखे आहे. शेजारी उभा असलेला कोणीही आपल्या सौद्याची, आणि त्याहून वाईट म्हणजे घरातील लेकीसुनांची चित्रे पाहू शकेल.

दुसरी जोखीम एकाच खतावणीत दोन मुनिमांनी लिहिण्याची आहे. कोणते चित्र कोठे ठेवले याची नोंद कार्डात असते. सुरू होताच कॅमेरा ती वाचतो आणि पुढे आपल्या आठवणीवर चालतो. त्याच वेळी मोबाईलवरून चित्र पुसले, तर त्याची खबर कॅमेऱ्याला नसते. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होतात व प्रसंगी सारे कार्ड वाचता येत नाही. म्हणून मोबाईलवरून चित्रे फक्त घ्यावीत, पुसू मात्र नयेत.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘आय-फाय’ या कंपनीने २००७ च्या अखेरीस आपले पहिले बिनतारी कार्ड विक्रीस आणले. २ गिगाबाइटच्या त्या कार्डाची किंमत ९९ डॉलर होती. वस्तू चांगली होती; परंतु तिची जुळवणी कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर अवलंबून ठेवलेली होती. कार्ड ग्राहकाच्या खिशात, पण त्याचा कुलूपकाटा विक्रेत्याच्या घरी, अशी ती व्यवस्था. २०१६ मध्ये कंपनीने कळविले की ‘एक्स२’ व त्यापूर्वीच्या कार्डांचा आधार १६ सप्टेंबरपासून बंद होईल. कार्डे झिजली नव्हती, तुटली नव्हती. तरी त्यांचा बिनतारी उपयोग संपण्याची वेळ आली. ग्राहकांच्या तक्रारी झाल्यावर कंपनीने मर्यादित कामापुरते एक साधन दिले, पण विश्वास उडाला तो उडालाच. ‘फ्लॅशएअर’ कार्ड मात्र मोबाईलशी थेट बोलत असे, त्यामुळे त्यास कोणाच्या दूरच्या संगणकाची गरज नव्हती. पुढे त्याचेही उत्पादन थांबले. तरी घरात असलेले कार्ड त्यामुळे निकामी झाले नाही.

आज नवे बिनतारी कार्ड क्वचितच मिळते, कारण वाय-फाय आता कॅमेऱ्यातच बसविलेले असते. त्याची रीत बहुतांशी वर सांगितली तशीच. मात्र चित्रे घेण्यासाठी बहुधा कंपनीचे ॲप लागते. तेव्हा कॅमेरा घेताना दुकानदारास विचारावे : नवे खाते न उघडता, इंटरनेट बंद ठेवून, चित्र मोबाईलवर येते काय? त्याच्या समोरच तसे करून पाहावे. हमी पाहतो तितक्याच काटेकोरपणे हे पाहावे.

चित्र मोबाईलवर आल्यानंतर ते व्हॉट्सॲपने साध्या फोटोच्या रूपात धाडले, तर त्याचे आकारमान घटते आणि पोटातील तारीख-वेळेची नोंदही गळून पडते. पुराव्याचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावे, व मूळ प्रत आपल्याकडे राखावी. कॅमेऱ्याचे घड्याळ अधूनमधून तपासावे. फार दिवस पडून राहिलेल्या कॅमेऱ्याची तारीख मागे गेलेली असते. आणि एक गोष्ट कोणत्याही कार्डाने साधावयाची नाही. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चिन्नोर तांदळाचा सुवास चित्रात उतरत नाही. तेव्हा चिन्नोरच्या ग्राहकाला चित्राबरोबर मूठभर वानगीही धाडावीच.

ज्यांच्या कपाटात अशी जुनी बिनतारी कार्डे पडून आहेत, त्यांनी ती टाकून देऊ नयेत. बिनतारी भाग मुका झाला तरी आतील स्मृती साध्या कार्डासारखीच असते, आणि साध्या वाचकयंत्रात घातल्यास चित्रे बहुधा निघतात. परंतु विजेशिवाय वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कार्डातील नोंदी क्षीण होऊ शकतात. घरातील वडीलधाऱ्यांची, आता न मिळणारी चित्रे त्यांत असतील तर येत्या दिवाळीची वाट न पाहता ती काढून घ्यावीत. दोन प्रती कराव्यात. एक घरी व एक पेढीवर किंवा परगावच्या लेकीकडे ठेवावी, आणि पाकिटावर वर्ष व प्रसंग शाईने लिहून ठेवावा.