जेवणाचा खर्च आणि सभेची दारं

चि. सुबोध यास,



सिनडच्या पुढच्या बैठकीचं यजमानपद आपल्या धर्मप्रांताने मागावं असं घाटतंय आणि तयारीच्या कमिटीत खजिनदार म्हणून तुझं नाव आलंय, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पण त्यापाठोपाठ दुसरी बातमी कानावर आली. मांडव, जेवणखाण आणि पाहुण्यांच्या राहण्याचा खर्च एका बिल्डरने ‘सेवा म्हणून’ उचलायची तयारी दाखवली आहे आणि तू ती जवळजवळ मान्य केली आहेस, असं म्हणतात. त्याचा डोळा मिशन कंपाउंडच्या कुठल्या कोपऱ्यावर आहे, हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. बातमी खोटी असेल तर हे पत्र बाजूला ठेव. खरी असेल तर पुढचा शब्द देण्याआधी शेवटपर्यंत वाच.

तू म्हणशील, देणगीवर अट नाही, मग बिघडलं कुठे? याचं उत्तर मंडळीच्या इतिहासात आहे. ३२५ साली निकिया इथे पहिली मोठी धर्मपरिषद भरली. बिशपांच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय सम्राट कॉन्स्टंटाइनने सरकारी खर्चाने केली. छळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मंडळीला तो मोठा सन्मान वाटला. पुढे ३५९ साली त्याच्या मुलाने, कॉन्स्टंटियसने, पश्चिमेकडच्या चारशेहून अधिक बिशपांना इटलीतल्या रिमिनीला बोलावलं आणि तीच सोय देऊ केली. गॉल आणि ब्रिटनच्या बिशपांनी ती नाकारली आणि ते स्वखर्चाने राहिले. फक्त ब्रिटनच्या तिघांनी गरिबीमुळे सरकारी खर्च घेतला. सुरुवातीला बहुतेकांनी निकियात मान्य झालेला विश्वासच उचलून धरला. पण त्याऐवजी सम्राटाने पुढे केलेल्या मसुद्यावर सह्या होईपर्यंत कुणाला घरी जाऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता. महिन्यांमागून महिने गेले आणि शेवटी सह्या झाल्या. ज्यांनी सम्राटाचं अन्न नाकारलं होतं, तेही सुटले नाहीत, कारण सभेची दारं त्याच्या हातात होती. म्हणून ‘मी त्यातली एक पैही खाणार नाही’ असं तू सांगितलंस तरी माझी काळजी जात नाही. तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाहीच. पण माणूस एकटा स्वच्छ राहून भागत नाही, सगळी व्यवस्थाच मंडळीची असावी लागते.

आपला बिल्डर काही सम्राट नव्हे, हे मलाही कळतं. तो कुणाला कोंडून ठेवणार नाही. पण त्याला तसं करायची गरजही नाही. विश्वस्त व्यवस्थेची जागा विकायची, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्या परवानगीच्या अर्जाआधी विश्वस्तांचा ठराव लागतो. तो ठराव जिथे व्हायचा, तिथल्या लोकांना ‘तुमची लाज त्याने राखली’ एवढी आठवण कुणी हळूच करून दिली की पुरे. अट लिहिलेली नसते म्हणूनच ती नाकारताही येत नाही. आमच्या पिढीला थाटामाटाचं फार आकर्षण होतं. पाहुणे किती आले आणि पंगती किती उठल्या हे मोजताना खर्च कुणाच्या खिशातून झाला हे विचारायचं राहून गेलं, याची खंत आम्हा म्हाताऱ्यांना आता वाटते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आपल्या मंडळ्या गरीब आहेत, त्यांच्याकडून काढायचं तरी किती? सिनडचा पसारा अमृतसरपासून छोटानागपूर, फुलबनी आणि थेट अंदमान-निकोबारपर्यंत. दिल्लीच्या प्रतिनिधीचं तिकीट आणि कार निकोबारच्या प्रतिनिधीचं तिकीट यांत जमीन-अस्मानाचा फरक. ज्याने त्याने आपलं पाहावं असं म्हटलं तर लांबचे आणि गरीब गळणार, आणि उरलेल्यांनी घेतलेल्या निर्णयाला देशभरच्या मंडळीचा निर्णय म्हणायचं तरी कसं? म्हणून सगळ्यांच्या प्रवासखर्चाची एकत्र बेरीज कर आणि ती धर्मप्रांतांच्या सभासदसंख्येवर वाटून दे. म्हणजे जवळचा थोडं जास्त देईल, लांबचा थोडं कमी, आणि दोघं एका बाकावर बसतील. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत डोईमागे ठरावीक वर्गणीची रीत जुनी आहे. शिवाय २००४ पासून त्यांनी दरवर्षीची राष्ट्रीय सभा एक वर्षाआड केली. खर्च झेपेना तर सभा आटोपशीर करता येते, धनी शोधावा लागत नाही. रिमिनीच्या त्या तिघांना बाकीचे बिशप वर्गणी काढून द्यायला तयार होते, पण सोबत्यांवर भार नको म्हणून त्यांनी ती घेतली नाही. असा सामाईक निधी आधीच असता तर सोबत्यांचे उपकार की सम्राटाची तिजोरी, हा पेच त्यांच्यापुढे आलाच नसता. आणि गरिबांना देता येत नाही असं धरून चालू नकोस. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात असताना देण्याचा हक्क मागून घेतला, हे पौल करिंथकरांना कौतुकाने लिहितो. त्याच पत्रात तो तीताबरोबर आणखी भाऊ पाठवतो, ते पैशांबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला जी सावधगिरी लागली ती तुला नको असं कसं म्हणू?

परदेशातल्या जुन्या मिशनकडे हात पसरावा, असंही कुणी सुचवेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते आणि ज्या संस्थेने घेतली तिला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्या वाटेला जाऊच नकोस. बैठक ऑनलाइन घ्या म्हणणारेही भेटतील. समित्यांचं काम, अहवाल आणि अंदाजपत्रकाची छाननी खुशाल ऑनलाइन होऊ दे, त्याने मुक्कामाचे दिवस कमी होतील. पण सगळंच ऑनलाइन नको. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपली ही मंडळी झाली. कुणाकडे बिशप होते, कुणाकडे प्रेस्बिटरी, तर कुणाची प्रत्येक मंडळी आपल्यापुरती मुखत्यार. अशा लोकांचं एकमत समोरासमोर बसून, वाद घालून आणि एका मेजाभोवती प्रभुभोजन घेऊनच टिकतं. तेवढ्यासाठी एकत्र यावंच लागेल, आणि तेवढ्यापुरताच खर्च करावा.

पाहुण्यांचा मान राखायला नको का, हा तुझ्या आईचा प्रश्न असणार. जरूर राखा. पण प्रेषितांच्या काळी अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबा यांची बोळवण करून त्यांना यरुशलेमेला पाठवलं, ते सुंतेचा वाद मिटवायला. मेजवानीसाठी कुणी गेलं नव्हतं. शाळेचं वसतिगृह, मंडळीतल्या घरांतल्या खोल्या, वरण-भात आणि रविवारी एक मटणाचं जेवण यात कुणाचा अपमान होत नाही. प्रतिनिधींची नावं वेळेत मागव, कारण रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. अंदाजपत्रक प्रत्येक चर्चच्या फलकावर लाव आणि सभा संपल्यावर खर्चही तिथेच लाव. त्या बिल्डरला देणगी द्यायचीच असेल तर रविवारी येऊन इतरांसारखी अर्पणाच्या थैलीत टाकू दे.

फार बोलले. तुला एकट्याला हे जमवायचंय, बिशपसाहेबांपुढे ‘नाही’ म्हणायचंय, आणि वरून नोकरी आहेच, हे मला दिसतंय. एखाद्याने एवढा भार उचलायची तयारी दाखवल्यावर दमलेल्या माणसाला हायसं वाटणारच, त्यात तुझा दोष नाही. आकडे जुळेनात तर कागद घेऊन इकडे ये, आपण दोघं बसू. बैठक साधी झाली म्हणून कुणी नावं ठेवली तर माझ्याकडे पाठव. माझ्या पेन्शनीतली वर्गणी मंडळीच्या पावतीपुस्तकातच घे, आत्याची म्हणून वेगळी नोंद नको. आणि रात्री जागू नकोस, डोळे आधीच अधू आहेत तुझे. यजमानपद मिळो न मिळो, नाताळला घरी यायचंस.

तुझी,
आत्या