गरम दुधाचे कोडे

मुलांनो, दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घेतले, एकातील कोमट व दुसऱ्यातील उकळते, आणि दोन्ही पेले एकाच वेळी शीतकपाटातील बर्फाच्या कप्प्यात ठेवले, तर आधी कोणते पाणी गोठेल? ‘कोमट’ असे उत्तर तुम्ही तत्काळ द्याल, आणि त्याचे कारणही सबळ आहे. उकळत्या पाण्याला निवत निवत आधी कोमट व्हावे लागणार आणि मग उरलेली सारी वाट चालावी लागणार. पुण्याहून सुटलेली आगगाडी त्याच क्षणी लोणावळ्याहून सुटलेल्या आगगाडीच्या आधी मुंबईस कशी पोहोचेल? शहाण्यासुरत्या शिक्षकांनीही हेच उत्तर दिले होते. त्या उत्तराने ज्याचे समाधान झाले नाही, तो होता आफ्रिकेतील एक शाळकरी मुलगा, एरास्टो एम्पेम्बा.

१९६३ सालची गोष्ट. आज टांझानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाचा मोठा भाग तेव्हा टांगानिका या नावाने ओळखला जाई. तेथील मगाम्बा गावच्या माध्यमिक शाळेत एरास्टो शिकत होता. त्या शाळेतील मुलांना आइस्क्रीम करण्याचा मोठा नाद. दूध उकळावयाचे, त्यात साखर मिसळावयाची, ते निवू द्यावयाचे आणि मग शीतकपाटात ठेवावयाचे, अशी रीत होती. पण मुले फार आणि कपाटातील जागा थोडी. त्यामुळे जागेसाठी नेहमी धावाधाव होई. एके दिवशी एरास्टो दूध उकळीत असता दुसऱ्या एका मुलाने ते पाहिले. आपली संधी हुकेल या भीतीने त्याने आपले दूध न उकळताच साखर घालून ट्रेमध्ये ओतले व कपाटात ठेवून दिले. आता एकच ट्रे उरला होता. दूध निवण्याची वाट पाहावी तर तोही जाणार! कपाट बिघडण्याचा धोका पत्करून एरास्टोने आपले कढत दूधच आत ठेवले. दीड तासाने दोघांनी जाऊन पाहिले, तो एरास्टोच्या दुधाचे आइस्क्रीम झालेले, आणि दुसऱ्याचे दूध अजून नुसते दाट झालेले!

हे असे का व्हावे, म्हणून त्याने पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना विचारले. तुझा काहीतरी घोटाळा झाला असेल, असे घडणे शक्य नाही, एवढेच उत्तर त्याला मिळाले. त्यानेही ते मानले.

त्या शिक्षकांना दोष देण्यास मी धजत नाही. मी भाषेचा शिक्षक. ‘उन्हाळ्यातील दुपार’ या विषयावरील निबंधात एका मुलाने लिहिले होते की, मे महिन्यात एके दिवशी भर दुपारी अंगणातील खांबाची सावली पार नाहीशी झाली. मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली आणि ‘कल्पना बरी, पण खरी नव्हे’ असा शेरा मारला. सूर्य आपल्याकडे वर्षातून दोन दिवस मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो व तेव्हा उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच लपते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता.

एरास्टोने मात्र आपले कोडे मनातून काढून टाकले नाही. सुटीत टांगा शहरात त्याला आइस्क्रीम विकणारा एक मित्र भेटला. गरम दूध ठेवले तर आइस्क्रीम लवकर होते, असे त्या मित्राने अनुभवावरून सांगितले. पुढे इरिंगा येथील शाळेत उष्णतेचे प्रकरण शिकताना एरास्टोने तोच प्रश्न पुन्हा विचारला. वाद वाढला, तेव्हा शिक्षक म्हणाले की, हे सर्व जगाचे पदार्थविज्ञान नव्हे, हे एम्पेम्बाचे पदार्थविज्ञान! तेव्हापासून त्याचे गणित चुकले, तरी वर्गातील मुले ते ‘एम्पेम्बाचे गणित’ म्हणून त्याची थट्टा करू लागली.

एके दुपारी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडी दिसली. एरास्टोने दोन लहान चंचुपात्रे घेतली, एकात नळाचे पाणी व दुसऱ्यात गरम पाणी भरले आणि ती शीतकपाटात ठेवली. तासाभराने पाहिले, तर दोन्हींत थोडे थोडे बर्फ होते. पण गरम पाण्याच्या पात्रात ते अधिक होते. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे त्याला कळत होते.

पुढे दार-ए-सलाम येथील विद्यापीठ महाविद्यालयातील प्राध्यापक डेनिस ऑस्बर्न त्या शाळेत व्याख्यानासाठी आले. एरास्टोने उभे राहून विचारले की, ३५ अंश व १०० अंश सेल्सिअस तपमानाचे सारखेच पाणी शीतकपाटात ठेवले असता १०० अंशांचे पाणी आधी का गोठते? सोबती हसले; याने आपली लाज घालविली, असे त्यांना वाटले. ऑस्बर्नही प्रथम हसले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली : तू स्वतः हे करून पाहिले आहेस काय? होकार येताच, आपल्याला उत्तर ठाऊक नाही, पण परत गेल्यावर प्रयोग करून पाहू, असे त्यांनी वचन दिले.

ते त्यांनी पाळले. त्यांच्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाने प्रयोग करून कळविले की, गरम पाणीच आधी गोठले; मात्र योग्य उत्तर मिळेपर्यंत आम्ही प्रयोग चालूच ठेवू! १९६९ साली शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी विज्ञाननियतकालिकात दोघांचा लेख प्रसिद्ध झाला. पहिला भाग एरास्टोने स्वतः लिहिला आहे. त्यात दूध, ट्रे, सोबत्यांची थट्टा, सारे सरळ शब्दांत सांगितले आहे. तो तेव्हा वन्य पशूंच्या संवर्धनाचे शिक्षण घेत होता.

असे घडत असेल तर ते का? एक कारण बाष्पीभवनाचे. माठातील पाणी गार का होते, हे तुम्ही शिकला आहात. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात, उलट एक ग्रॅम पाणी १०० अंशांवरून शून्यावर आणण्यास १०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे थोडेसे पाणी उडून गेले, तरी उरलेले पुष्कळ निवते, शिवाय गोठावयाचे पाणीही कमी राहते. पुण्याची गाडी वाटेत डबे सोडीत निघाली, असे समजा. पण ऑस्बर्न यांच्या मते एवढेच कारण पुरेसे नव्हते. गरम पाण्यात वर-खाली चालणारे प्रवाह, भांड्याखालचे हिम वितळून भांडे तळाशी नीट टेकणे, पाणी शून्याच्या खाली जाऊनही न गोठणे, अशी आणखी कारणे सुचविण्यात आली. ॲरिस्टॉटलनेही दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी असेच काही नमूद केले होते. त्या वर्गात मात्र ते कोणास ठाऊक असल्याचे दिसत नाही.

२०१२ साली इंग्लंडमधील रसायनशास्त्राच्या एका संस्थेने याचे उत्तर मागितले, तेव्हा २२,००० हून अधिक उत्तरे आली. उलट २०१६ साली बरिज व लिंडन या शास्त्रज्ञांनी पाणी शून्य अंशापर्यंत निवण्यास लागणारा वेळ काळजीपूर्वक मोजला आणि या चमत्काराला आधार सापडत नाही, असे जाहीर केले. तपमापक सेंटिमीटरभर वर-खाली झाला, तरी निष्कर्ष उलटा दिसू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. वाद अद्याप मिटलेला नाही.

माझ्या नातवाने गेल्या उन्हाळ्यात घरी हा प्रयोग तीनदा केला. भांडी सारखी, पाणी मापून घेतलेले; गरम पाणी त्याच्या आईने ओतून दिले. दोनदा थंड पाणी आधी गोठले, एकदा गरम. तिसऱ्या खेपेस आपण भांड्यांच्या जागा बदलल्या होत्या, हे त्याला नंतर आठवले. त्याने तेही वहीत लिहून ठेवले आहे.