अंड्याचें वय कसें ओळखावें

गांवच्या आठवडी बाजारांत एखादी बाई टोपलींत पंधरावीस अंडीं घेऊन बसते. घेणारा एक अंडें उचलतो, कानाशीं धरून हालवितो आणि विचारतो, "बाई, ताजीं आहेत ना?" ती म्हणते, "कालचींच आहेत, दादा." ती जाणूनबुजून खोटें बोलते असें नव्हे. परंतु कडब्याच्या गंजीखालीं त्या सकाळीं जीं तीन अंडीं सांपडलीं, तीं किती दिवसांचीं होतीं हें तिला स्वतःलाच ठाऊक नसतें. तीं तिनें इतरांत मिसळलेलीं असतात. घेणाऱ्याच्या घरीं त्यांतलें एक फुटतें, घरभर दुर्गंधि सुटते, आणि पुढच्या बाजारीं तो दुसऱ्या टोपलीशीं जाऊन थांबतो. मिठामिरचीचा व मुलांच्या वह्यांचा खर्च ज्या पैशांतून भागतो, ते पैसेहि त्याच्याबरोबर जातात.

दूध नासलें तर वासावरून कळतें. भाजी शिळी झाली तर डोळ्यांना दिसतें. अंडें मात्र आपलें वय टरफलाआड झांकून ठेवतें. म्हणून तें ओळखण्याची रीत आपण नीट शिकून घेऊं.

1. अंड्याच्या आंत काय घडतें

टरफल दगडासारखें घट्ट दिसतें, परंतु त्याला हजारों बारीक छिद्रें असतात. कोंबडीच्या पोटांतून अंडें येतें तेव्हां तें तिच्या अंगाइतकें ऊन असतें. बाहेर येऊन निवतांना आंतील द्रव आकसतो व रुंद टोंकाशीं हवेची एक लहान पोकळी तयार होते. पुढें दिवसेंदिवस छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि तितकी हवा आंत येते. म्हणून अंडें जसजसें जुनें होतें, तसतशी ती पोकळी वाढते व अंडें हलकें होतें. त्याच छिद्रांतून कार्बन डायॉक्साइड वायुहि निघून जातो; त्यामुळें घट्ट पांढरा बलक पातळ होतो, व पिवळ्या बलकाभोंवतालचा पडदा दुबळा होतो.

हें सर्व किती लवकर घडेल, तें दिवसांच्या संख्येपेक्षां उष्णतेवर अधिक अवलंबून असतें. वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेलें अंडें थोडक्याच दिवसांत म्हातारें होतें. थंड जागीं ठेवलेलें पुष्कळ दिवस तरुण राहतें.

2. तीन परीक्षा

पहिली पाण्याची. खोल भांड्यांत साधें थंड पाणी घेऊन अंडें हलकेंच सोडावें. तें तळाशीं आडवें पडलें तर ताजें. रुंद टोंक वर उचललें गेलें तर कांहीं दिवसांचें, पण उपयोगी. तळाशीं टेकूनच उभें राहिलें तर जुनें. तें लवकर संपवावें, आणि फोडून पाहिल्याशिवाय वापरूं नये. वर तरंगलें तर फारच जुनें. तें टाकून द्यावें. मात्र भिजलेलें अंडें पुढें फार टिकत नाहीं, म्हणून जीं त्याच दिवशीं शिजवावयाचीं तींच पाण्यांत सोडावीं. विकावयाचीं अंडीं या रीतीनें तपासूं नयेत.

दुसरी उजेडाची; विकणाऱ्याला हीच उत्तम. खोक्याला रुपयाएवढें भोंक पाडून आंत बॅटरी ठेवावी, आणि अंधाऱ्या खोलींत अंड्याचें रुंद टोंक त्या भोंकाशीं धरावें. हवेची पोकळी स्पष्ट दिसते. आपल्या देशांत शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा 1937 सालीं झाला. त्याखालील अ‍ॅगमार्कच्या प्रतवारींत वरच्या प्रतीच्या अंड्यांतील पोकळीची खोली 4 मिलिमीटरांपर्यंत, व त्याखालच्या प्रतीची 8 मिलिमीटरांपर्यंत अशी मर्यादा घातली गेली. करंगळीच्या नखाची रुंदी लक्षांत ठेवली तरी घरगुती अंदाज बांधतां येतो. याच उजेडांत टरफलाची बारीक चीर दिसते, आणि आंत तांबड्या शिरांचें जाळें किंवा काळा डाग असल्यास तोहि दिसतो.

तिसरी बशीची. अंडें फोडून बशींत घातल्यावर पिवळा बलक उंच व गोल राहिला आणि पांढरा त्याला धरून बसला, तर तें ताजें. पांढरा पाण्यासारखा पसरला व पिवळा चपटा झाला, तर जुनें. पांढऱ्यांत किंचित् दुधी झांक असणें हें ताजेपणाचें चिन्ह आहे. पिवळ्यावर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर तें अंडें नासलें असें समजूं नये. तो कोंबडीच्या पोटांतच पडलेला असतो. वास मात्र वाईट आला, तर दुसरा विचार न करतां तें फेकून द्यावें.

कानाशीं हालवून पाहण्याची रीत सर्वत्र चालते, पण ती फारशी कामाची नाहीं. अंडें डचमळूं लागतें तेव्हां तें पुष्कळ जुनें झालेलें असतें. त्याआधींचें कांहीं कळत नाहीं.

3. या परीक्षांना काय कळत नाहीं

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी व उजेड अंड्याचें वय सांगतात. तें निर्दोष आहे असें सांगत नाहींत. साल्मोनेला नांवाचे रोगजंतु अगदीं ताज्या, तळाशीं आडव्या पडणाऱ्या अंड्यांतहि असूं शकतात, आणि त्यांना ना वास ना रंग. त्यांवर उपाय एकच: पांढरा व पिवळा हे दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजविणें. लहान मुलें, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसें यांना कच्चें किंवा अर्धकच्चें अंडें देऊं नये. "शक्ति येते" म्हणून दुधांत कच्चें अंडें फेटून देण्याची चाल पुष्कळ घरीं आहे; ती सोडावी अशी आमची कळकळीची विनंति आहे.

4. उन्हाळ्यांतील धोका

आपल्या गांवठी कोंबड्या कोंबड्याबरोबर फिरतात, म्हणून त्यांचीं बहुतेक अंडीं फलित असतात. अशा अंड्यांतील जीव वाढावयास खुडूक कोंबडीच बसली पाहिजे असें नाहीं; हवा पुरेशी उष्ण असली तरी वाढ सुरू होते. ती थोडी वाढून मरते, व अंडें नासतें. म्हणून ज्यांना पिलें काढावयाचीं नाहींत, त्यांनीं उन्हाळ्यांत कोंबडा वेगळा ठेवावा. कोंबडीला अंडीं घालण्यासाठीं कोंबड्याची गरज नसते. मात्र कोंबडा काढल्यावरहि सुमारें तीन आठवडे फलित अंडीं येऊं शकतात, हें ध्यानांत असावें.

5. सांठवण

ताजेपणाची राखण घरट्यापासूनच सुरू होते. खुराड्यांत कोरडें व स्वच्छ गवत असावें. अंडीं दिवसांतून दोनदां, आणि उन्हाळ्यांत तीनदां गोळा करावीं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसूं देऊं नये. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनें तारीख लिहावी.

अंडीं धुऊन ठेवूं नयेत. टरफलावर जन्मतःच एक पातळ लेप असतो. तो छिद्रें झांकतो. धुतल्यानें तो जातो, आणि थंड पाण्यानें धुतल्यास आंतील द्रव आकसून घाण आंत ओढली जाते. थोडा मळ कोरड्या फडक्यानें पुसावा. फार मळलेलीं अंडीं घरींच, लवकर व पूर्ण शिजवून खावीं.

अंडीं रुंद टोंक वर करून ठेवावीं. रॉकेल, कांदा व लसूण यांजपासून दूर ठेवावीं, कारण छिद्रांतून वास आंत शिरतो. फ्रिज असेल तर उत्तम. पण एकदां त्यांत ठेवलेलीं वारंवार बाहेर काढूं नयेत, टरफलाला घाम सुटतो. फ्रिज नसेल तर सांवलींत ओली वाळू पसरून तींत मातीचें मडकें अर्धें पुरावें, आंत कोरडें गवत घालून अंडीं ठेवावीं, आणि तोंडाला फडकें बांधावें. वाळू रोज शिंपडावी. असें केल्यानें उन्हाळ्यांतहि कांहीं दिवसांची सवड मिळते, महिन्यांची नव्हे.

पूर्वीं लोक अंडीं चुन्याच्या निवळींत किंवा सोडियम सिलिकेटच्या पाण्यांत महिनोन् महिने ठेवीत. युद्धकाळीं इंग्लंडांत ही रीत घरोघरीं होती. परंतु आंत आधींच शिरलेले जंतु त्यानें मरत नाहींत, म्हणून आज ती करण्याची शिफारस आम्ही करीत नाहीं.

6. त्या तीन अंड्यांचें काय?

आतां गंजीखालच्या अंड्यांकडे परत येऊं. ज्या अंड्याची तारीख आपणांस ठाऊक नाहीं, तें बाजारांत नेऊं नये. हा नियम सोपा आहे व त्याला अपवाद नसावा. तीं घरीं ठेवावीं, पाण्यांत पाहावीं, आणि एकेक वेगळ्या वाटींत फोडावें, म्हणजे एका नासक्या अंड्यानें बाकीचीं वायां जाणार नाहींत. तीन अंड्यांचे पैसे बुडाले असें त्या दिवशीं वाटेल. परंतु "हें सोमवारचें, हें मंगळवारचें," असें तारीख दाखवून सांगणारी बाई बाजारांत बसली, तर तिचें गिऱ्हाईक टोपली शोधीत येईल.

उजळणीसाठीं प्रश्न

1. अंडें जुनें होतांना हलकें कां होतें?
2. विकावयाचीं अंडीं पाण्यांत कां तपासूं नयेत?
3. ताजें अंडेंहि पूर्ण कां शिजवावें?
4. उन्हाळ्यांत कोंबडा वेगळा ठेवल्यानें काय लाभ होतो?
5. आपल्या घरीं आज किती अंड्यांवर तारीख आहे?