तिकिटांवरून उभे राहिलेले स्टेडियम

विश्रामबागेत आम्ही मुले क्रिकेट खेळत असू, तेव्हा नियम साधा होता : ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. मुंबईत मोठ्यांचेही असेच झाले. १९३७ सालचे ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे; तेथे कसोटी सामने भरवी मुंबईची क्रिकेट असोसिएशन. तिकिटांच्या वाटणीवरून दोघांचे बिनसले. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियमच उभारले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. आपणच भरवलेल्या सामन्याची तिकिटे दुसऱ्याकडे मागायची, हे कोण सोसेल? असोसिएशनचा हट्ट मला रास्तच वाटतो. पण चर्चगेटसारख्या महागड्या जागेत दोन-दोन स्टेडियम! ब्रेबॉर्नला पुन्हा कसोटी पाहण्यास २००९ साल उजाडावे लागले.